डिकीतली टाकी आणि तिची तारीख

पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई. शहर कोणतेही असो, सीएनजी पंपाबाहेरच्या रांगेत रिक्षा आणि टॅक्सींच्या मधोमध दहा-बारा वर्षांच्या खासगी मोटारीही उभ्या दिसतात. कारखान्यातून त्या पेट्रोलवर चालणाऱ्या म्हणून बाहेर पडल्या. पुढे मालकाने किट बसवून त्यांना गॅसवर आणले. मालकाचा हिशेब सरळ असतो. एक किलो सीएनजीत जवळपास दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते आणि किलोचा भाव पेट्रोलच्या लिटरपेक्षा कमी असतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचा किटचा खर्च साधारण वर्ष-दीड वर्षात वसूल होतो. शिवाय हवेवरही उपकार होतात, असे सरकार सांगते, न्यायालये सांगतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण उरलेला जो अंश आहे, त्याची चर्चा किट बसवणारा करत नाही, बसवून घेणारा करत नाही आणि ज्यांनी करायला हवी ते परिवहन खातेही फारशी करत नाही.

ही चर्चा आता लांबवण्याजोगी राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगर प्रदेशातील हवेची दखल घेताना, पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवून केवळ सीएनजी आणि विजेवरच्या वाहनांना परवानगी देता येईल का, याचा अभ्यास करायला सांगितले. राज्य सरकारने त्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. असे धोरण कधी आलेच, तर लाखो मोटारमालकांपुढे दोनच रस्ते राहतील. नवी गाडी घ्या, किंवा आहे तिच्यात गॅस बसवा. मध्यमवर्गीय घर यातले काय निवडेल, हे सांगायला समितीची गरज नाही.

मुंबईला हा प्रयोग नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, तो गाजला. त्याच सुमारास मुंबईतही उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी गॅसकडे वळू लागल्या. मूळ पेट्रोल-डिझेलसाठी घडवलेली प्रीमियर पद्मिनी पुढे वर्षानुवर्षे डिकीत टाकी घेऊन शहरभर फिरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. जुने इंजिन गॅसवर उत्तम चालू शकते, हे या टॅक्सींनी दाखवून दिले. पण ही व्यावसायिक वाहने होती. त्यांना ठरावीक काळाने पासिंगसाठी आरटीओच्या दारात जावेच लागे. खासगी मोटारीला ही शिस्त नाही. सगळा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आधी गॅसच्या बाजूचे खरे श्रेय गॅसला द्यायला हवे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन, इतका साधा संसार. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्यात बेंझीनही असते. बेंझीन हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेला शंका नाही. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. ते केवळ सायलेन्सरमधून येत नाही. उन्हात तापलेल्या पेट्रोलच्या टाकीतून, जुन्या कार्बोरेटरमधून, गळक्या रबरी नळ्यांतून ते गाडी उभी असतानाही हवेत जाते. गॅसची यंत्रणा बंदिस्त असल्यामुळे हा भाग जवळजवळ संपतो. कार्बन मोनॉक्साइड घटतो, काजळी घटते, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी कार्बन डायऑक्साइड साधारण पाव हिश्शाने कमी बाहेर पडतो. ऑटो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण, या बाबतीत सीएनजीच्या थोडे मागे पण पेट्रोलच्या पुढे आहे. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, पदपथावरचा भाजीवाला, रस्त्याकडेच्या शाळेतली मुले यांच्या फुप्फुसांना हा फरक कळतो.

मात्र इथे एक भेद करायला हवा. दिल्लीच्या हवेत सीएनजीने जो बदल घडवला, त्याचा मोठा वाटा डिझेलच्या बसगाड्या हटण्यात होता. डिझेलचा धूर सूक्ष्म कणांनी भरलेला असतो. पेट्रोल मोटारीचा तसा नसतो. पेट्रोलची गाडी गॅसवर आणल्याने फायदा होतो, पण तो बसइतका डोळ्यात भरणारा नसतो. म्हणून तो टिकवण्यासाठी काळजीही जास्त घ्यावी लागते. किट बसवताना जरा ढिलाई झाली, की हा फायदा विरून जातो.

असे का होते, हे समजायला इंजिनात थोडे डोकवावे लागेल. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनला सुमारे १७. हे प्रमाण नेमके साधले तर ज्वलन पूर्ण होते. नव्या पद्धतीच्या सीक्वेन्शियल किटमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असतो आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक मेंदूची नजर असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मात्र मिक्सर बसतो. हवेच्या वाटेत बसवलेली एक अरुंद कडी, तिच्यातून गॅस ओढला जातो, आणि प्रमाण ठरते ते फिटरने हाताने फिरवलेल्या स्क्रूवर. फिटर जाणता असेल तर ठीक. नसेल, किंवा ग्राहकाने ‘ॲव्हरेज जास्त पाहिजे’ असा धोशा लावला असेल, तर गॅस कमी आणि हवा जास्त असे मिश्रण ठेवले जाते. अशा वेळी नायट्रोजनची ऑक्साइडे वाढू शकतात. हीच ऑक्साइडे दम्याच्या रुग्णाला त्रास देतात आणि उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करतात. उलट गॅस जास्त झाला, तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि न जळलेले मिथेन बाहेर पडते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवते.

हा धोका कागदावरचा नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दिल्लीच्या सीएनजी रिक्षांचा धूर मोजला आणि त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात गॅसचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नीट जळतच नाही, असे त्यांना आढळले. वंगणाचे तेल इंधनासोबत जळत असल्यामुळे कणांचे प्रदूषणही भरपूर होते. इंधन बदलले, इंजिन तेच राहिले. मोटारींची इंजिने टू-स्ट्रोक नसतात, त्यामुळे ते आकडे त्यांना लावता येणार नाहीत. पण झिजलेल्या पिस्टन रिंगमधून तेल जाळणारी वीस वर्षांची मोटार गॅसवर आणली, म्हणून ती तेल जाळायचे थांबत नाही. उत्प्रेरक बसवलेला सायलेन्सर आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांत तो नाहीच, आणि नंतरच्या कित्येक गाड्यांत तो निकामी होऊन गेलेला आहे. चांगला गॅरेजवाला किट बसवण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासतो आणि प्रसंगी ‘या गाडीत गॅस घालू नका’ असे सांगतो. असे गॅरेजवाले आहेत. त्यांचा धंदा शेजारच्यापेक्षा थोडा कमी चालतो, इतकेच.

जुन्या इंजिनाची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे सन २००० पर्यंत पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाई. मेंदूला घातक असलेले ते शिसे इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर मात्र मऊ थर देऊन तिला झिजण्यापासून वाचवत असे. त्या काळातल्या इंजिनांच्या बैठकी तितक्या कठीण धातूच्या नसतात आणि गॅस कोरडा जळतो. काही हजार किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह नीट बसेनासे होतात, ताकद जाते, धूर बिघडतो. दर सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर नेण्याचा सल्ला दिला जातो, तो थोडाफार याचसाठी आणि बराचसा थंड इंजिनासाठी. दहा टक्क्यांच्या आसपास ताकद तशीही कमी होते, कारण गॅस सिलिंडरात हवेचीच जागा व्यापतो. पन्नास-साठ किलोंची पोलादी टाकी मागे ठेवून खंडाळ्याचा घाट चढताना हे कोणाच्याही लक्षात येते.

आणि आता ती टाकी.

घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बारने जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो २ बारच्या थोडा वर असतो. सीएनजीच्या टाकीत तो २०० बार असतो. कुकरच्या दोनशे पट दाब मागच्या सीटच्या पाठीशी, शाळकरी मुलांच्या मणक्यापासून वीतभर अंतरावर. घाबरवण्यासाठी हे सांगायचे नाही. जोड नसलेल्या जाड पोलादाच्या या टाक्या हा दाब सहन करण्यासाठीच घडवलेल्या असतात आणि नियमाने वागवल्या तर अत्यंत विश्वासू असतात. पण प्रत्येक वेळी गॅस भरताना टाकी किंचित फुगते आणि रिकामी होताना आक्रसते. रोज गॅस भरणाऱ्या गाडीत तीन वर्षांत हे हजारभर वेळा घडते. गॅसमधला ओलावा आतून गंज धरू शकतो. टाकीला बांधणाऱ्या पट्ट्यांखाली बाहेरून गंज चढतो, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. मागून बसलेली एखादी धडक टाकीवर पोचा पाडून जाते; मालक पत्र्याचे काम करून घेतो, टाकीकडे बघत नाही.

म्हणूनच नियम आहे, की दर तीन वर्षांनी टाकी गाडीतून काढून तिची हायड्रो टेस्ट करायची. नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटनेने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती व्हावी लागते. चाचणीची रीत साधी आणि हुशार आहे. टाकी पाण्याने भरतात आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. वायूऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी फारसे दबत नाही. टाकी फाटलीच तर पाणी गळते, स्फोट होत नाही. दाबाखाली टाकी किती फुगली आणि दाब काढल्यावर किती पूर्ववत झाली, हे मोजतात. जी पुरती पूर्ववत होत नाही, तिचे पोलाद थकलेले असते. ती टाकी बाद. उत्तीर्ण टाकीच्या मानेवर नवी तारीख ठोकतात आणि गॅस भरायच्या तोंडाजवळ असलेल्या पट्टीवर पुढच्या चाचणीची तारीख येते.

खर्च काही हजारांचा आणि एका दिवसाचा खोळंबा. तरी ही चाचणी टाळली जाते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्यासाठी मोठ्या शहरात गाडी न्यावी लागते, हे एक कारण. दुसरे असे, की टाकी बाहेरून ठणठणीत दिसते. पेट्रोल संपले तर गाडी थांबते, टायर झिजला तर डोळ्यांना दिसतो. टाकीची तारीख उलटून गेली तर काहीच होत नाही. गाडी कालच्यासारखीच चालते. तिसरे कारण सर्वांत वाईट: टाकी न काढताच प्रमाणपत्र ‘करून देणारे’ भेटतात. अशा कागदावर मालकाचे दोन पैसे वाचतात आणि पंपावर गॅस भरणाऱ्या, महिना काही हजारांवर राबणाऱ्या मुलाचा जीव टांगणीला लागतो. टाकीवर सगळ्यात जास्त ताण गॅस भरतानाच येतो. ‘प्रवाशांनी खाली उतरावे’ असा फलक पंपावर लावलेला असतो, तो त्यामुळेच. खाली न उतरता मोबाइल पाहत बसणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

खासगी मोटारीचे वेळापत्रक पाहिले म्हणजे या ढिलाईला वाव कुठे मिळतो ते कळते. नव्या खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. समजा, सहाव्या वर्षी तिच्यात मान्यताप्राप्त किट बसले, आरटीओने गाडी पाहिली आणि आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद झाली. इथवर सगळे कायद्यात. पण त्यानंतर आरटीओचा आणि त्या गाडीचा संबंध थेट पंधराव्या वर्षी, पुनर्नोंदणीच्या वेळी येतो. मधल्या नवव्या आणि बाराव्या वर्षाच्या टाकीच्या चाचण्या झाल्या की नाहीत, हे पाहणे सर्वस्वी मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेले असते. मधल्या काळात पीयूसी तेवढी होते. तिथे नळी सायलेन्सरमध्ये जाते. डिकी उघडली जात नाही. आणि त्या नळीतही कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. म्हणजे चुकीच्या जुळणीने जे प्रदूषण वाढण्याची शक्यता असते, नेमके तेच प्रमाणपत्रात दिसत नाही.

जी किट आरसीवर नोंदलेलीच नाहीत, त्यांची कथा आणखी वेगळी. मान्यताप्राप्त किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी पार करावी लागते, तीही गाडीच्या त्या-त्या प्रकारासाठी. २०२२ मध्ये केंद्राने बीएस-६ मोटारींतही किट बसवण्याचा मार्ग खुला केला, तो याच अटीवर. पण गल्लीतल्या गॅरेजात दुसऱ्या गाडीतून उतरवलेली टाकी आणि कुठून तरी आणलेला रेग्युलेटर ‘स्वस्तात’ बसवून मिळतो. अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते. ही गोष्ट मालकाला बहुधा अपघातानंतरच समजते.

सर्वांत घातक प्रकार मात्र घरगुती सिलिंडरचा. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर घ्यायचा, छोट्या पंपाने त्यातला गॅस मोटारीच्या टाकीत उतरवायचा. कायद्याने हा गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात असाच गॅस ओम्नी गाडीत भरताना स्फोट झाला. होरपळलेल्यांपैकी अनेकांचा पुढे उपचार सुरू असताना मृत्यू झाला. यामागचे विज्ञान दोन वाक्यांत सांगता येते. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर उडून जातो. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत, गटारात, तळघरात साचून ठिणगीची वाट पाहतो. आणि हवेत केवळ दोन टक्के एलपीजी मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, मिथेनला पाच टक्के लागतात. अधिकृत ऑटो एलपीजीच्या टाकीत ऐंशी टक्के भरल्यावर आपोआप बंद होणारी झडप असते, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा लागते. टपरीवरच्या पंपाला हे ठाऊक नसते. अनुदानाचा सिलिंडर गाडीत जातो, हा तिजोरीचा तोटा म्हणून पुरवठा खाते अधूनमधून छापे घालते. तो तोटा दुय्यम आहे.

समितीपुढचे काम यातून दिसते. किती गाड्या गॅसवर आल्या, हा आकडा छापायला सोपा असतो. त्यातल्या किती गाड्यांच्या टाकीची तारीख चालू आहे, हा आकडाही त्याच्या शेजारी छापला गेला पाहिजे. त्यासाठी नवे खाते काढायला नको. पीयूसी आज संगणकावर निघते आणि वाहनाच्या नोंदीशी जोडलेली असते. टाकीचा क्रमांक आणि चाचणीची तारीख त्याच नोंदीत आली, तर तारीख उलटलेल्या गाडीची पीयूसी यंत्रच अडवील. पंपचालकांच्या संघटना अधूनमधून ‘हायड्रो टेस्ट नसेल तर गॅस नाही’ असे जाहीर करतात आणि रांग वाढली, वादावादी झाली की चार दिवसांत विसरतात. नोझल हातात असलेल्या मुलाने गाडीमालकाशी भांडावे, ही अपेक्षाच चूक आहे. नकार यंत्रणेने द्यायचा असतो. चाचणीची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत वाढवणे आणि खोटी प्रमाणपत्रे देणाऱ्याची मान्यता काढून घेणे, हे त्याबरोबरच यावे. जुन्या मोटारीत किट बसवण्याआधी इंजिनाची तपासणी सक्तीची करणेही अवघड नाही. धूर ओकणारे इंजिन गॅसवर नेऊन ‘स्वच्छ’ गाड्यांच्या यादीत घालण्यात कोणाचेच आरोग्य नाही.

मालकाच्या हातातही बरेच काही आहे. टाकीच्या मानेवरची आणि पट्टीवरची तारीख जुळते का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. टाकीच्या झडपेवरचे आच्छादन आणि त्यातून गाडीबाहेर जाणारी नळी शाबूत हवी; सामान ठेवायला जागा करताना ती काढून टाकणारे महाभाग कमी नाहीत. गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास गाडीत आला, तर किल्ली फिरवायची नाही, काचा खाली करायच्या, टाकीची झडप हाताने बंद करायची आणि सगळ्यांनी खाली उतरायचे. झडप कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरते, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे. जुनी गॅसची मोटार विकत घेणाऱ्याने तर आरसीवरची नोंद आणि टाकीचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

राज्यात जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतील, तेव्हा मुलांना ने-आण करणाऱ्या व्हॅनची तपासणी मोहीम निघेल. स्कूल बसबाबतचे राज्याचे नियम २०११ पासून आहेत. अग्निशामक आहे का, खिडक्यांना गज आहेत का, हे पाहिले जाते. या व्हॅनपैकी कितीतरी जुन्या आणि गॅसवरच्या आहेत. प्रत्येकीची मागची सीट उचलून टाकीवरची तारीख वाचायला निरीक्षकाला एक विजेरी पुरेल.